रविवारी मागचा बाक, मयतीला पेटी

बसून घ्या, मंडळी. मागची माणसं उन्हात उभी आहेत, त्यांना आत घ्या. पुढे जागा आहे. साखरखेर्ड्याहून आलेल्या पाहुण्यांना आधी बसू द्या, ते लांबून आलेत.

मला आज बोलणं जड जातंय. शाळेत आयुष्यभर बोलले. या ख्रिस्ती मंडळीची सेक्रेटरी म्हणून चौदा वर्षं दर रविवारी सूचना वाचल्या. कधी अडखळले नाही. आज अडखळतेय. पण ते नुसत्या दुःखानं नाही, हे आधीच सांगते. ज्यांना फक्त दुःखाचं ऐकायचं असेल त्यांनी मला सांभाळून घ्यावं.

कमिटीनं मला एक काम दिलंय. शमुवेलभाऊ आणि रूथवहिनी या नवराबायकोनं आपल्या देवळात एकतीस वर्षं पेटी वाजवली, गीतं म्हटली. त्या सेवेबद्दल मंडळीच्या वतीनं आभार मानायचे. पाच मिनिटांत. कागदही लिहून दिलाय. हा बघा. यात 'अमूल्य योगदान' दोनदा आलंय. हा कागद मी वाचणार नाही.

बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते, शमुवेलभाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचे. तेच त्यांचं काम. आज मेहकर, उद्या साखरखेर्डा, बाजाराच्या दिवशी कुठल्या तरी टेलरच्या ओट्यावर बसलेले, पुढ्यात उघडलेलं मशीन, हात तेलानं काळे. शनिवारी कितीही लांब असले तरी घरी परतायचे, कारण दुसऱ्या दिवशी उपासना. पेटी त्यांची स्वतःची होती, वडिलांकडून आलेली. भाता फाटला की स्वतः शिवायचे, सूर बसला की स्वतः खोलायचे. या मंडळीनं त्या पेटीला कधी एक स्क्रूसुद्धा लावलेला नाही.

आणि वहिनी. वहिनी अंगणवाडीत होत्या. वहिनींना गीतांचं पुस्तक लागत नसे. वेदीच्या डाव्या हाताला सतरंजी टाकून दोघं बसायचे. आपण उशिरा आलो, पान सापडत नसलं, तर वहिनी गाता गाता बोटांनी पान दाखवायच्या. आधी शेकडा, मग दशक, मग एकक. हे इथे बसलेल्या प्रत्येकानं पाहिलंय. माझ्या वर्गातल्या पोरांना मी एकक-दशक शिकवायचे आणि रविवारी वहिनी मलाच शिकवायच्या.

एका शनिवारी मशीनची सुई भाऊंच्या बोटातून आरपार गेली. उजव्या हाताचं मधलं बोट. चिंधी बांधून घरी आले. दुसऱ्या दिवशी तीन बोटांनी पूर्ण उपासना वाजवली. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मला हे कळलं परवा, ते गेल्यावर. वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी मी गीतं सावकाश धरली, त्यायले बोट उचलता येत नव्हतं." आम्हाला वाटलं होतं, आज उपासना लांबली. एकानं तर बाहेर येऊन घड्याळ दाखवलं होतं त्यांना.

अशी एकतीस वर्षं. गुड फ्रायडेला तीन-तीन तास, एप्रिलच्या उकाड्यात. पंखा वेदीवर फिरायचा, त्यांच्यावर नाही. मी मोजदाद करत नाही. मोजदाद करणं म्हणजे आपण काही लक्षात ठेवलं होतं असा आव आणणं.

आता सहा वर्षांपूर्वीचं सांगते. ते कागदात नाही.

मंडळीत कीबोर्ड आला. ड्रम आले, मोठे स्पीकर आले, भिंतीवर पडदा आला, त्यावर शब्द येतात. मी तरुणांना दोष देत नाही. त्यांनी वाजवावंच. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की, जुन्या माणसाला उठवा. ते आम्ही ठरवलं. कमिटीत ठरवलं, याच बाजूच्या खोलीत. नाताळ जवळ आला होता. कोणी तरी म्हणालं, पेटी आणि कीबोर्ड दोन्ही एकत्र बरं दिसणार नाही. सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. मग प्रश्न आला, शमुवेलभाऊंना सांगायचं कोणी. तेव्हा मात्र सगळे चहाच्या कपात बघायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, ते तुमचं ऐकतात." मी म्हटलं, सांगते.

त्यांचं घर माझ्या घरापासून इथून त्या पाण्याच्या टाकीइतकंच लांब, पाच मिनिटांची वाट. तीन दिवस होते माझ्या हातात. मी गेले नाही. आज जाते, उद्या जाते. शेवटी रविवार उजाडला.

भाऊ नेहमीसारखे आले. पेटी खांद्यावर, मागे वहिनी सतरंजी घेऊन. डाव्या बाजूला बघतात तर त्यांच्या जागेवर स्पीकर. उभे राहिले. तेव्हा मी पुढे गेले आणि म्हटलं, "भाऊ, आज बसा जरा. पोरांना वाजवू द्या."

ते म्हणाले, "हाव, बसतो ना. पहिलं गीत कोणतं हाय?"

मी म्हटलं, "ते पडद्यावर येईल."

ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पूर्ण उपासना पेटी मांडीवर ठेवून बसले. कारण खाली फरशी ओली होती, पुसलेली होती, आणि पेटी ओल्यावर ठेवत नाहीत.

मी 'आज' म्हटलं होतं, मंडळी. पुढच्या रविवारी ते पुन्हा पेटी घेऊन आले. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी त्यांच्याकडे बघायचे आणि सूचना वाचायला लागायचे. चौथ्या रविवारी ते रिकाम्या हातांनी आले. तेव्हा मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. चला, त्यांना समजलं. आपल्याला सांगावं लागलं नाही.

वहिनी मागून गायच्या. गाण्याची सवय मोडत नाही. कधी कधी त्यांचा आवाज कीबोर्डच्या पुढे जायचा. मग पुढची माणसं मान वळवून बघायची. एकदा उपासना संपल्यावर कोणी तरी त्यांना म्हणालं, "वहिनी, जरा हळू म्हणा, पोरांचं बिनसतं." जे म्हणालं ते माणूस आज इथे आहे. मी नाव घेणार नाही. त्यानंतर वहिनी फक्त ओठ हलवायच्या.

भाऊ माझ्याकडे दोनदा आले होते. म्हणाले, "बाई, शनिवारी दुपारी देवळाचा हॉल रिकामा असते. चार जणांले पेटी शिकवतो म्हणतो. मी काय जन्माले पुरतो?" मी कमिटीत विषय ठेवला. हॉल कीबोर्डच्या सरावाला लागतो, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या वेळी मी विषय ठेवलासुद्धा नाही. तेच उत्तर मीच त्यांना देऊन टाकलं.

पण पेटी पूर्ण बंद झाली, असं नाही हं. तसं असतं तर निदान सरळ तरी झालं असतं.

आपली कबरस्तानाची जागा नाल्यापलीकडे आहे. तिथे लाइट नाही. कीबोर्ड चालत नाही. मग कोणाच्या घरी मयत झाली की निरोप जायचा, "भाऊ, पेटी घेऊन या." आणि भाऊ यायचे. सहा वर्षं. एकदाही नाही म्हणाले नाहीत. हातातलं मशीन उघडं ठेवून यायचे. नाताळाला नको, ईस्टरला नको, लग्नात तर नकोच, फोटोत जुनाट दिसतं. मयतीला पेटी. इथे कोणाकोणाच्या घरच्या माणसाला त्यांनी पोहोचवलं, ते ज्यानं त्यानं आठवावं. मी माझ्यापुरतं सांगते.

माझी आई गेली ती मे महिन्यात. दगड असे तापलेले की, चपलेतून चटका लागत होता. भाऊंनी पोतं अंथरलं आणि त्यावर बसून वाजवलं. वहिनींनी गीत धरलं. मी तेव्हा काही ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते. सगळं झाल्यावर भाऊ माझ्याजवळ आले. म्हणाले, "आजीले हे गीत वरच्या सुरात आवडे. म्हणून तसंच धरलं. तुमाले चाललं ना?"

माझ्या आईला गीत कोणत्या सुरात आवडायचं, ते मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी मी इथे उभी राहून सूचना वाचल्या, आणि ते मागच्या बाकावर बसले होते. त्या दिवशी तरी मी म्हणायला हवं होतं की, भाऊ, पुढे या. काऊन नाही म्हटलं? मला लाज वाटत होती. एकदा लाज वाटायला लागली की, माणूस चूक निस्तरत नाही, चूक झालीच नाही असं वागायला लागतो. मी तसंच वागले. आपण सगळेच तसं वागलो.

अजून एक सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. पाळकसाहेब, मला माहीत आहे पाच मिनिटं झालीत.

दोन वर्षांपूर्वी आपल्या गावातल्या बौद्ध वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. त्यांचा पेटीवाला आजारी पडला. ती मंडळी भाऊंकडे आली. भाऊ वहिनींना घेऊन गेले आणि वाजवून आले. त्या लोकांनी त्यांना मंडपात पुढे बसवलं, वहिनींना घरी पोहोचवायला बाया आल्या. ती माणसं आजही आली आहेत, तिकडे भिंतीपाशी उभी आहेत. पुढे या तुम्ही, दादा. तुम्ही मागे काऊन उभे?

त्यानंतर आमच्या कमिटीनं काय केलं? शमुवेलभाऊंना पत्र दिलं. मंडळीच्या परवानगीशिवाय इतर ठिकाणी वाजवल्याबद्दल खुलासा द्यावा. ज्या माणसाला आम्ही चार वर्षं इथे वाजवू दिलं नाही, त्याला. ते पत्र मी लिहिलं. खाली सही माझी.

भाऊ ते पत्र घेऊन माझ्या घरी आले. चप्पल बाहेर काढून खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, "बाई, मले एक समजावून सांगा. मी मंडळीचा वादक हाय का नाही?"

मी पत्राकडे बघत राहिले.

"हाय, तर मंग रविवारी काऊन नाही? आन नाही, तर हे पत्र काऊन?"

दोनच प्रश्न होते. मी इतकी वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. या दोन प्रश्नांवर मी चहा टाकला. त्यांनी चहा घेतला. उठताना पत्राची घडी घालत म्हणाले, "अक्षर लय चांगलं हाय तुमचं." टोमणा नव्हता तो. त्या माणसाला टोमणा मारता येत नव्हता. त्यांना खरंच ते अक्षर चांगलं वाटलं होतं.

चार दिवसांनी त्यांचा खुलासा आला. एका ओळीचा. चूक झाली असल्यास माफी असावी. मी तो फाइलला लावला.

आणि सत्कार. सत्काराचं विचारू नका. तीनदा ठरला. पहिल्यांदा प्रमुख पाहुण्यांना तारीख जमली नाही. दुसऱ्यांदा कमिटीतल्याच एकाकडे लग्न निघालं. तिसऱ्यांदा नाताळाचा कार्यक्रम लांबला, लोक जेवायला उठले, म्हणून पुढच्या वर्षी करू म्हटलं. त्या तिसऱ्या वेळी भाऊ धुतलेला सदरा घालून आले होते. वहिनींनी नवं लुगडं नेसलं होतं. ते दोघं जेवणाच्या पंगतीत गुपचूप बसून जेवले आणि घरी गेले. शाल तेव्हापासून ऑफिसच्या कपाटात आहे. घडीवर पिवळी पडली होती. काल तिला इस्त्री केली.

मंगळवारी भाऊ मेहकरला होते. एका टेलरच्या दुकानात मशीन खोलून बसले होते. छातीत कळ आली. त्या टेलरनं आणि शेजारच्या दुकानदारांनी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. त्याच लोकांनी त्यांना घरी आणलं. त्यांच्यातलं कोणी ख्रिस्ती नव्हतं. आपल्यातलं कोणी तिथे नव्हतं.

बुधवारी माती दिली. तुम्ही बहुतेक जण होतात. काय झालं ते तुम्ही पाहिलं, पण मी पुन्हा सांगते, कारण दोन दिवसांत आपण त्यावर बोलणं टाळायला लागलोय.

पेटी वाजवायला कोणी नव्हतं. आदल्या दिवशी फोन केले, कोणी मिळालं नाही. कीबोर्डवाली पोरं माझ्याकडे आली, त्यांचे चेहरे उतरलेले होते. म्हणाली, बाई, तिथे लाइट नाही, आम्ही काय करू? मी म्हटलं, तुम्ही काही करू नका, तुमची चूक नाही.

कबरीपाशी सगळे उभे राहिले. कोणी सुरुवात करेना. तेव्हा वहिनींनी गीत धरलं. ज्या बाईचा नवरा समोर शवपेटीत झोपला होता, त्या बाईनं धरलं. पहिलं कडवं आपण कसंबसं म्हटलं. दुसरं कोणाला येत नव्हतं. कसं येणार? सहा वर्षं पडद्याकडे बघून म्हणतोय. काहींनी खिशातून मोबाइल काढले. नाल्यापलीकडे रेंज नसते. मग हळूहळू सगळे थांबले, आणि वहिनी एकट्या गात राहिल्या. पाच कडवी आहेत त्या गीताची. पाचही म्हटली. अख्खी मंडळी उभी होती, आणि एक बाई आपल्या नवऱ्याला एकटीच्या आवाजात पोहोचवत होती.

एकटी म्हटलं, पण पूर्ण एकटी नव्हती. साखरखेर्ड्याचे ते टेलरकाका, ते पुढे बसलेत, त्यांनी मागून सूर धरला होता. शब्द नव्हते त्यांच्याकडे, नुसता सूर. मी नंतर विचारलं, काका, तुम्हाला ही चाल कशी येते? ते म्हणाले, "भाऊ मशीन दुरुस्त करताना हेच गुणगुणत बसे. वीस वर्षं ऐकलं ना, बाई. येऊन गेलं."

त्यांना येऊन गेलं. आपल्याला आलं नाही.

काल मी वहिनींकडे गेले. या सभेचं सांगायला, आणि शालीचं विचारायला. त्या पेटीवरची धूळ पुसत होत्या. म्हणाल्या, "शाल राहू द्या, बाई. ज्याची होती तो गेला." मी विचारलं, आता कसं करणार? तर म्हणाल्या, "पोरगी वडनेर भोलजीले हाय. परवाच्या गाडीनं जाऊन राह्यली. पेटी नेतो संग." मी विचारलं, परत कधी? त्यांनी पेटीवर कापड टाकलं.

मग मी भीत भीत विचारलं, वहिनी, आमचा राग आहे का? त्या म्हणाल्या, "राग त्यायनं करायले पाहिजे होता. एक दिवस केला नाही. मी भांडायची त्यायच्याशी. म्हणायची, जाऊन सांगा त्यायले, जाब विचारा. तर म्हणत, मंडळी आपलीच हाय." मग म्हणाल्या, "मंडळी त्यायची होती, बाई. ते तुमचे नव्हते."

हे मी जसंच्या तसं तुमच्यापुढे ठेवते. यात मी काही मिळवत नाही, काही कमी करत नाही.

आता आभार. ज्यांचे आभार मानायचे होते त्यातले भाऊ ऐकणार नाहीत. त्यांच्यासाठी मानलेले आभार आपल्यासाठी असतील, आपल्याला बरं वाटावं म्हणून. ते मी मानणार नाही. पण वहिनी समोर बसल्या आहेत. वहिनी, मंडळीच्या वतीनं नाही, कमिटीच्या वतीनं नाही, मी सुनंदा, माझ्या एकटीच्या वतीनं बोलते. माझ्या लग्नात तुम्ही गायलात. माझ्या पोरांच्या बाप्तिस्म्याला गायलात. माझ्या आईच्या मातीला तापलेल्या दगडांवर उभं राहून गायलात. त्यासाठी मी तुमची आभारी आहे. तुम्ही मान हलवायची गरज नाही. मी माफी मागत नाही, कारण मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, तुमची सवय तीच आहे, आणि मग मी आज सुखानं झोपेन. तसं व्हायला नको.

सेक्रेटरीपणाचा राजीनामा मी सकाळी पाळकसाहेबांच्या हातात दिलाय. त्यानं काही भरून येत नाही, मला माहीत आहे. पण पुढच्या रविवारच्या सूचना मी वाचू शकणार नाही.

आता उभे राहू या. दोन मिनिटं. आपण नेहमी डोळे मिटून उभे राहतो. आज मिटू नका. डोळे मिटले की सोपं जातं. आज डोळे उघडे ठेवा आणि वहिनींकडे बघा. उद्या सकाळी त्या गाडीत बसतील, त्यानंतर इथे बघायला कोणी नसेल.

भाऊ, सलाम.

उभे राहा, मंडळी.